नाही म्हणणाऱ्याचं पाणी

एका म्हातारीला मी हात मोजून हरवलं, आणि त्या दिवशी मला स्वतःचा भारी अभिमान वाटला होता.

चांदा जिल्हा तेव्हा मध्यप्रदेशात होता. स्वातंत्र्य नवं होतं, आणि मीही नवाकोरा ग्रामसेवक. चांद्याच्या प्रशिक्षणात विलायत पाहून आलेल्या साहेबांनी आम्हाला देशोदेशीचे गावकारभार शिकवले. इंग्लंडात गावाची परिषद असते. फ्रान्सात गावाला मेयर असतो, पण त्याच्या डोक्यावर सरकारी अधिकारी. स्वित्झर्लंडच्या काही भागांत सगळे चौकात जमतात आणि हात वर करतात. जिकडे हात जास्त, तिकडे निर्णय. हे शेवटचं मी वहीत दोनदा अधोरेखित केलं. मग सूरजागडच्या डोंगराखालच्या एका माडिया गावात माझी नेमणूक झाली, आणि डोक्यात स्वित्झर्लंड घेऊन मी तिथे पोचलो.

त्या गावाची रीत मला वेळेचा निव्वळ खेळखंडोबा वाटली. एकजण जरी नाही म्हणाला तरी निर्णय होत नसे; दुसऱ्या दिवशी पुन्हा बसायचं. नाही म्हणणाऱ्याने सगळ्यांसाठी पाणी आणायचं. ते पाणी जो प्याला, त्याने बोलणं अजून चालू आहे हे कबूल केलं. पाण्याच्या एका पाटासाठी म्हणे ते नऊ दिवस बसले होते. गावचा प्रमुख, त्याला पाटला म्हणत, हे मला कौतुकाने सांगत होता आणि मी हसू दाबत होतो.

पंचायतघरासाठी मी रस्त्यालगतची जागा निवडली. तिथे एका विधवा म्हातारीचे तीन मोह उभे होते. तिला मूलबाळ नव्हतं, शेत नव्हतं. चैतात वेचलेल्या मोहफुलांवरच तिचं वर्ष निघायचं. दुसऱ्या जागा होत्या की! पण साहेबांची जीप थेट दारात यावी, ही माझी हौस. मी गावाला त्या झाडांखालीच बसवलं, सरकारचा धाक घातला आणि हात वर करायला सांगितले. एकमेकांची तोंडं बघत हात वर गेले. पाटल्याचा सगळ्यांत शेवटी गेला.

"झालं. एकटी बाई एकीकडे, सगळं गाव एकीकडे," मी म्हणालो.

"मी तं नाई म्हणून राह्यली," म्हातारी म्हणाली. "उद्या कोनत्या वेळी बसाचं?"

"उद्या नाही. संपलं."

ती हसली. तिला वाटलं, मी थट्टा करतोय.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पाण्याचं मडकं घेऊन मोहाखाली येऊन बसली. तिसऱ्या दिवशीही बसली. पाणी प्यावं तर माझी भीती, न प्यावं तर तिला तोंड कसं दाखवायचं, म्हणून गावकरी आडवाटेने जायला लागले. आणि ती बसलेली असताना झाडांना हात लावायची सोय नव्हती. चौथ्या दिवशी मीच गेलो, मडकं उचललं आणि घटाघटा पाणी प्यालो. त्याचा अर्थ मला पुरता ठाऊक होता.

"मंग उद्या बसाचं ना, भाऊ?" तिचा चेहरा असा खुलला, की तो आठवला तर आजही स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

"हो बाई, उद्या. आता घरी जा, दोन घास खा."

ती गेली. बाहेरगावचे लाकूडतोडे मी आधीच बोलावून ठेवले होते. दुपारपर्यंत तिन्ही मोह आडवे झाले.

पंचायतघराच्या उद्घाटनाला विलायत पाहून आलेले तेच साहेब आले. जीप थेट दारात थांबली. लोकशाही जंगलात पोचली असं ते भाषणात म्हणाले, मला शाबासकी दिली आणि प्यायला पाणी मागितलं. गावातलं कोणी जागचं हललं नाही. म्हातारी तेवढी उठली आणि आपलं मडकं घेऊन आली. साहेब पोटभर प्याले. ती त्यांच्यासमोर जमिनीवर बसली आणि आपल्या माडिया बोलीत सावकाश बोलू लागली: साहेबांनी पाणी घेतलं, म्हणजे सभा पुन्हा बसली. माझे मोह इथे होते. मी अजून हो म्हटलेलं नाही. पाटल्याने मान खाली घातली.

"काय म्हणतेय म्हातारी?" साहेबांनी मला विचारलं.

"आशीर्वाद देतेय, साहेब."

साहेबांनी वाकून तिला हात जोडले आणि जीप सुरू करायला सांगितली.