गार पिपेट

रसायनशास्त्राच्या लॅबमध्ये नोकरीला लागून मावशींना बावीस वर्षं झाली होती आणि एवढ्या काळात त्यांना तिथं एकही शहाणा माणूस भेटला नव्हता. हे त्यांचं स्वतःचं मत. काम म्हणाल तर काचेची भांडी धुणं, द्रावणं करून ठेवणं, प्रॅक्टिकल संपलं की ओटे पुसणं. पण खरी विद्या तीच, बाकीचे नुसते पांढरे कोट घालून हिंडणारे, असं त्या मानत. पोरं मान वाकडी करून ब्युरेटच्या नळीवरचा आकडा वाचतात. पोरी फिकट गुलाबीवर थांबायचं सोडून गडद रंग येईस्तोवर कॉस्टिक सोड्याचं पाणी सोडत राहतात. आणि प्राध्यापक दारातूनच विचारतात, "झालं का सगळ्यांचं?" उत्तर ऐकायला कोण थांबतंय!

सगळ्यांत जास्त तिटकारा विभागप्रमुखांचा. मनातल्या मनात मावशी त्यांना 'ग्रंथकार' म्हणत. ग्रंथ म्हणजे चौसष्ट पानांचं प्रॅक्टिकलचं पुस्तक. त्याच्यावर सरांचं नाव एवढं मोठं की विषयाला कोपऱ्यात अंग चोरून बसावं लागलं होतं. नाव मोठं, लक्षण खोटं. आणि खोटं नेमकं कुठं, ते जगात फक्त मावशींना ठाऊक होतं.

पान बत्तीस. बेंझोइक आम्ल पाण्यात किती विरघळतं, ते मोजण्याचा प्रयोग. हे आम्ल दुबळं. गार पाण्यात जेमतेम विरघळतं, गरमात जास्त. पाण्यात आधीच दुसरं जोरकस आम्ल असलं तर आणखी कमी, कॉस्टिक असलं तर भरभर. तर पाण्यात ही पांढरी भुकटी भरपूर टाकायची, ढवळायची, आता आणखी विरघळत नाही असं झालं की गाळ बसू द्यायचा. मग टोकाला कापूस लावलेल्या पिपेटनं, म्हणजे काचेच्या मापाच्या नळीनं, वरचं नितळ पाणी ओढून घ्यायचं आणि त्यातलं आम्ल मारायला किती कॉस्टिक लागतं ते बघायचं. चाळीस अंशांना पुस्तकात आकडा होता साडेसात मिलिलिटर.

तो आकडा सरांनी अठरा वर्षांपूर्वी स्वतःच्या हातानं काढला होता. आयुष्यात एकदाच हात हलवला आणि तोही असा. थंडीचे दिवस, पिपेट स्टँडवरून उचललेली, बर्फासारखी गार. चाळीस अंशांचं पाणी तिच्यात शिरल्याबरोबर निवलं आणि आम्लाचे बारीक खडे काचेला आतून चिकटून बसले. जे काचेला चिकटलं ते मोजलंच गेलं नाही. पिपेट धुताना मावशींना ते खडे दिसले. गरम पाणी सोडल्यावर गेले. पिपेट आधी गरम करून घेतली असती तर आकडा नऊ आला असता. मावशींनी दुसऱ्या दिवशी करून पाहिलं, नऊच आला. कोणाला सांगितलं नाही. कशाला सांगायचं? दरवर्षी वर्गच्या वर्ग जर्नलात साडेसात उतरवायचा, सर लाल शाईनं बरोबरची खूण करायचे, आणि मावशी नळाखाली हात धरून मनसोक्त हसायच्या. बिनपगारी करमणूक होती ती.

मग ती सरबतवाली आली. सरबताच्या कारखान्यात बाटल्यांना लेबलं लावणारी, वयानं तिशीपलीकडची, दोन मुलांची आई. पदविका मिळाली तर तिला तिथल्याच तपासणीच्या टेबलावर घेणार होते. लेखी पेपर पास. या एका प्रॅक्टिकलात मात्र दोनदा नापास, कारण तिचा आकडा दोन्ही वेळा नऊच्या घरात आला होता. ही तिसरी संधी, आणि शेवटची.

परीक्षेच्या दिवशी ती पिपेट गरम पाण्यात बुडवताना दिसली, तेव्हा मावशी ओटा पुसत पुसत तिच्याजवळ गेल्या.

"अगं, साडेसात लिही आणि मोकळी हो."

"पण येतात नऊ, मावशी. आमच्याकडे सरबताच्या बाटल्या गारठ्यात राहिल्या की तळाला पांढरं बसतं. लोकांना वाटतं साखर. ते हेच की, सरबत टिकावं म्हणून घातलेलं! गार काच लागली की हे बाहेर पडतं."

"मला शिकवतेस? अठरा वर्षांपासून माहीत आहे मला."

सरबतवालीचा हात थांबला. "अठरा? मग गेल्या वर्षी मी इथं रडत होते तेव्हा तुम्ही कुठं होतात?"

"इथंच," मावशी म्हणाल्या आणि पुसलेलाच ओटा पुन्हा पुसू लागल्या.

तिनं नऊच लिहिलं. ग्रंथकारांनी जर्नल बाहेरून आलेल्या परीक्षकबाईंपुढं आपटलं. "बघा! तिसऱ्यांदा तेच. हातच वाईट आहे हिचा."

परीक्षकबाई म्हणाल्या, "ती म्हणते पिपेट गरम करून घेतली."

"नाचता येईना अंगण वाकडं! पिपेटनं काय होतंय?"

बाईंनी घड्याळ पाहिलं. प्रयोग पुन्हा करून बघायला त्यांना वेळ नव्हता; अजून चौदा जण उरले होते. त्यांनी इकडंतिकडं पाहिलं आणि त्यांची नजर मावशींवर थांबली. "तुम्ही इतकी वर्षं इथं आहात. पिपेट गरम केली की फरक पडतो का हो?"

मावशींच्या सगळं ओठांवर होतं: ती थंडी, ते खडे, तो नऊ. ग्रंथकार त्यांच्याकडं पाहत होते, रागानं नव्हे, तर खुर्चीकडं पाहावं तसे. ती काही बोलेल असं त्यांच्या स्वप्नातही नव्हतं.

"मला काय कळतंय, बाई," मावशी म्हणाल्या. "मी भांडी धुते."

ग्रंथकार हसले. परीक्षकबाईंनी पान उलटलं आणि लाल शाईची फुली मारली.

सरबतवाली रडली नाही. तिनं टेबल आवरलं आणि भांडी घेऊन ती मोरीपाशी आली. मावशींनी सवयीनं हात पुढं केले.

"राहू द्या," सरबतवाली म्हणाली. "माझी मी धुते."