नवा पास

कॅजुअल हा शब्द ऐकला की माझं डोकं फिरतं. पेणच्या रामवाडीहून रोज रोह्याला जाऊन मी एका कंपनीत कामगारांचे गेटपास लिहितो. तिथे नवे साहेब आले आणि या शब्दाची साथ पसरली. मोकळंढाकळं वागायचं, सर म्हणायचं नाही, शनिवारी टी-शर्ट घालायचा. आम्ही पन्नाशीचे कारकून पोटं आत ओढून खुर्च्यांत बसू लागलो. आवार झाडणाऱ्या मावशींनाही साहेबांनी सांगितलं की मला नावाने हाक मारा. मावशी पदराआड हसल्या. मावशींचं नाव काय, हे मात्र साहेबांनी विचारलं नाही.

मावशी निडीकडच्या, नदीकाठच्या वाडीतल्या. कंपनीच्या कागदावर त्याही कॅजुअल. म्हणजे दर सहा महिन्यांनी त्यांचा पास काढून घ्यायचा, आठ दिवस घरी बसवायचं आणि मग नवा पास, नवा नंबर. या थेराला आमच्याकडे ब्रेक म्हणतात. बाई कायम नवीनच राहते, त्यामुळे तिला कायम करायला नको. हे सगळे पास माझ्या अक्षरातले.

परवा वीस वर्षं भरलेल्यांचा सत्कार झाला. खुर्च्या मावशींनी मांडल्या, शाल मला मिळाली. आम्ही दोघं एकाच पावसाळ्यात कामाला लागलो होतो. मावशींचे गुडघे गेलेत. कायम झालो तर शेवटची चार वर्षं बसून करायचं काम मिळेल, अशी त्यांना आशा. साहेब एवढे मोकळे, तर ऐकतील, असं वाटून सत्कार संपताच त्या भोळेपणाने सरळ केबिनमध्ये गेल्या. साहेबांनी मला बोलावलं आणि मावशींच्या नोकरीचं रेकॉर्ड विचारलं.

"दोन महिने," मी म्हणालो.

साहेबांनी मान हलवून हळहळ दाखवली.

मावशी माझ्याकडे वळल्या. "भाऊ, आपन एकाच वर्साला लागलो ना? तुमी तरी सांगा."

शाल अजून माझ्या खांद्यावरच होती. मला माझीच किळस आली, तरी मी म्हणालो की कागदावर आहे तेच खरं.

वीस वर्षं मला भाऊ म्हणणाऱ्या मावशींनी पदर कमरेला खोचला.

"बरं, साहेब," त्या मला म्हणाल्या, आणि खुर्च्या उचलायला गेल्या.