मलिकाला उठू द्यायचं नव्हतं

शाहू महाराजांच्या राज्यात कोल्हापुरात बाबालाल पिंजारी राहायचा. खांद्यावर कापूस पिंजायची धनुकली टाकून तो पार मुरगूडपर्यंत चालत जाई आणि लोकांच्या गाद्या-उशा भरून देई. माणूस आडदांड, आवाज मोठा. लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी झालेली मलिका ही त्याची आणि इमामबीची एकुलती एक लेक.

सहाव्या वर्षी तिला घटसर्प झाला. घशात राखाडी पापुद्रा चढला, श्वास घुसमटू लागला. बाबालालनं तिला खांद्यावर टाकलं आणि सरकारी दवाखाना गाठला. डॉक्टर नृसिंहरावांनी मुंबईहून आलेलं औषध टोचलं. पापुद्रा सुटला, ताप उतरला, पोरगी पेज मागायला लागली.

"घरला न्हेतो आता," बाबालाल म्हणाला.

"नाही," डॉक्टर म्हणाले. "घसा सुटला, पण रोगाचं विष काळजात उतरलंय. नाडी मधेच चुकतेय. तिला उठून बसूसुद्धा देऊ नका. तेवढ्या श्रमानंही काळीज थांबेल."

"पर ती हसतीया की, डाक्टरसाब!"

"हसू दे. उठू देऊ नका."

बाबालाल खाटेशी बसून राहिला. इमामबी चमच्यानं पेज भरवी, ती पडलेली असतानाच तिचे केस विंचरी. मलिकाला आता काही दुखत नव्हतं. तिला खिडकीतून रस्ता बघायचा होता.

"अब्बा, बसू दे की मला."

"न्हाय, बाळ."

ती कोपरावर जोर देऊन उठू लागली की तो तिच्या खांद्यावर हात ठेवी. त्याच्या त्या भल्यामोठ्या पंज्याखाली तिची हाडं पाखरासारखी लागत. एकदा ती चिडली, "तू वंगाळ हाईस!" म्हणाली आणि तिनं तोंड फिरवलं. त्यानं हात मात्र काढला नाही.

मग एका दुपारी पोटात दुखतंय म्हणाली. ओकली. ओठ पांढरे पडले, हातपाय गार झाले. डॉक्टरांनी सुई दिली, पाय शेकायला लावले, नाडीवरचं बोट काढलं नाही. दिवस मावळायच्या आत नाडी हाताला लागेनाशी झाली.

"म्या उठू दिलं न्हाय," बाबालाल म्हणाला. "एकदाबी न्हाय."

"मी बघत होतो," डॉक्टर म्हणाले.

"मग?"

डॉक्टरांनी चष्मा काढला. "काही मुलं यातनं वाचतात. काही नाही. का, ते मलाही कळत नाही."

घरी आल्यावर इमामबी एवढंच म्हणाली, "जायाचीच हुती, तर एकदा बसवायचं हुतं. रस्ता तरी बघितला असता तिनं."

पुढच्या थंडीत शेजारच्या बनाबाईच्या पोरालाही घटसर्प झाला. बाबालालनंच त्याला दवाखान्यात नेलं. त्यालाही तसंच निजवून ठेवलं होतं. पण तो ऐकायचा नाही, आईची पाठ फिरली की उठून बसायचा. तो जगला. महिनाभरात गल्लीत उड्या मारू लागला.

बनाबाई साखर घेऊन आली. बाबालालनं ती कपाळाला लावून तोंडात टाकली, "लई बेस झालं," म्हणाला. ती गेल्यावर दार लावून घेतलं आणि कापसाच्या ढिगाशी बसून राहिला. इमामबीनं जेवायला हाक मारली. तो उठला नाही.