वीस अंशांच्या वर जाऊ द्यायचं नाही

शेजारच्या आजोबांना बायपाससाठी गॉलवेच्या हॉस्पिटलातून अचानक फोन आला, तेव्हा त्यांनी आदल्याच दिवशी घरी बिअर आंबायला लावली होती. आयर्लंडच्या कासलबार गावातल्या आमच्या पहिल्या हिवाळ्यात बॉयलर बंद पडला, तेव्हा टॉर्च घेऊन धावत आले ते हेच आजोबा. एकटेच राहायचे, मुलगी गॉलवेला. त्यामुळे बॅग भरून ते माझ्या दारात उभे राहिल्यावर नाही म्हणायचा प्रश्नच नव्हता.

त्यांनी मला मागच्या शेडमध्ये नेलं. तिथे झाकण लावलेली मोठी पांढरी बादली होती. झाकणातल्या छोट्या नळीतल्या पाण्यातून थोड्या थोड्या वेळाने बुडबुडा यायचा. बादलीवर तापमान दाखवणारी पट्टी चिकटवलेली.

"आत यीस्ट काम करतंय. अठरा-एकोणीसवर ठेव. वीसच्या वर जाऊ देऊ नकोस. घरी आलो की हीच प्यायची आहे मला."

"मी बिअर कधी चाखलीसुद्धा नाही हो."

"मग तर बरंच. संपवणार नाहीस."

आणि नेमकं तेव्हाच ऊन तापलं. इथे लोक शॉर्ट्स घालून खूश होते आणि मी शेडच्या पत्र्याकडे बघत होते. पट्टी बावीसवर गेली, मग चोवीसवर. यीस्ट काम करताना स्वतःही तापतं, हे मला फोनवर वाचून कळलं. गावी माठाला गुंडाळायचो तसा ओला पंचा बादलीला गुंडाळला, पण इथली हवा इतकी दमट की पंचा वाळेचना. शेवटी माझ्या लेकीचा लहानपणीचा टब आणून त्यात गार पाणी भरलं, बादली त्यात ठेवली आणि भोवती बर्फाच्या बाटल्या लावल्या.

तेवढ्यात त्यांच्या मुलीचा फोन आला. "बाबांना आत नेलंय."

मग माझा पाय घरात ठरेना. तिकडे काय चाललंय ते कळायचा मार्ग नव्हता, म्हणून मी पुन्हा पुन्हा शेडमध्ये जाऊन बाटल्या बदलत राहिले. संध्याकाळी पाहिलं तर पट्टी चौदावर आणि बुडबुडे बंद.

"मेलं वाटतं यीस्ट," मी नवऱ्याला म्हटलं.

"अगं, बिअर आहे ती, पेशंट नाही."

मी त्याच्यावर इतकी ओरडले की तो उठला आणि बादली उचलायला आला. आम्ही ती स्वयंपाकघरात आणली, हळूच हलवली आणि गोधडीत गुंडाळली. ऑपरेशन झालं होतं, पण आजोबा अजून शुद्धीवर आले नव्हते. मुलगी म्हणाली, वाट बघायची. वाट मला दोन्हीकडे बघायची होती. मनात नको ते जोडलं जात होतं: हे सुरू झालं नाही तर? मी तो विचार झटकायची आणि परत नळीकडे बघायची.

सकाळी चहा टाकताना मागे 'डुब' असा आवाज आला. मी गॅस बंद करून ऐकत राहिले. बऱ्याच वेळाने दुसरा बुडबुडा आला.

मुलीचा फोन मात्र दुपारी आला. "जागे झालेत. बिअर किती अंशांवर आहे, विचारतायत."

मी खरं ते सांगितलं. चोवीस, मग चौदा, आता एकोणीस. पलीकडे कुजबुज झाली. "ते म्हणतायत, आता हात लावू नकोस."

पुढे त्यांच्या मुलीने येऊन बिअर केगमध्ये, म्हणजे धातूच्या छोट्या पिंपात, भरली आणि केग शेडमधल्या जुन्या फ्रिजमध्ये ठेवला. तिथेही माझी सुटका नव्हती. फ्रिजची मोटर थांबली की मी दार उघडून बघायची, आणि उघडल्याने आतली गार हवा गेली म्हणून परत घाबरायची.

आजोबा घरी आले ते निम्मे होऊन. थोडी प्यायला डॉक्टरांची हरकत नव्हती. शेडमध्ये त्यांनी ग्लास भरला, वास घेतला आणि म्हणाले, "केळं."

"म्हणजे?"

"गरम झाली की केळ्याचा वास येतो."

माझा चेहरा पडला. त्यांनी एक घोट घेतला, तोंडात घोळवला, आणखी एक घेतला. "पुढच्या वेळी बादली सुरुवातीपासूनच पाण्यात ठेवू," ते म्हणाले.

घराकडे परतताना पायरीवर त्यांना धाप लागली. मी मागे दोन्ही हात पुढे करून उभी राहिले.

"ग्रँड आहे मी," ते म्हणाले. 'ठीक आहे'साठी इथे हाच शब्द. पण पायरी चढताना त्यांनी माझा हात धरला.