दहा पायऱ्यांची टाकी

आमच्या मुलींच्या वसतिगृहात पाणी साठवावे लागते. किस्से मात्र आपोआप साठतात! निवृत्तीनंतर मी येथे मानद रेक्टर झाले, तेव्हा माझी समजूत होती की, जन्मभर शाळेत शिकवलेल्या बाईला आता कोण काय नवे शिकवणार? ऐका तर.

सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, हे आपणांस ठाऊकच आहे. यंदा उन्हाळ्याच्या तोंडावर संस्थेचे सचिव बजावून गेले, "बाई, टँकर मागवता येणार नाही. टाकी आटली की वसतिगृह बंद. मुली आपापल्या घरी."

परीक्षा मे महिन्यात. वळसंगची भाग्यश्री शेवटच्या वर्षाला. ती दारात उभी राहून एवढेच म्हणाली, "बाई, मी आत्ता घरी गेले की पुस्तक मिटलं. तितं लग्नाचं बोलनं चाललंय. पेपर हितनंच द्यायला पायजेत."

*

मी फळ्यावर सुवाच्य अक्षरांत सूचना लिहिली : 'विद्यार्थिनींनी पाण्याचा व विजेचा अपव्यय कटाक्षाने टाळावा.' एकही चूक नव्हती. आठवडाभरात एक थेंबही वाचला नाही!

"नोटीस लई शुद्ध हाय, बाई," भाग्यश्री म्हणाली, "पन वाचतंय कोन?"

तिने फळा पुसला आणि त्यावर दहा आडव्या रेघा ओढल्या. तिच्या गावी विहिरीचे पाणी पायऱ्यांवर मोजतात. आमच्या जमिनीखालच्या टाकीतही उतरण्यासाठी लोखंडी पायऱ्या आहेत. ती रोज सकाळी जड झाकण सरकवून आत डोकावायची आणि पायरी उघडी पडली की एक रेघ पुसायची; नळ येऊन पाणी चढले की पुन्हा ओढायची.

मुली दात घासण्याआधी फळ्यापुढे उभ्या राहू लागल्या. "अगं, सातवी गेली! काल कोणी केस धुतले?" जे माझ्या वाक्याला साधले नाही, ते रेघेने साधले!

*

आमच्या स्वयंपाकघरातल्या नरसम्मा मावशी शुक्रवार पेठेतल्या. नळाला पाणी आले की आधीचे सगळे हंडे मोरीत पालथे! "शिळं पाणी ठेवायचं नसतं, बाई. आमच्या सासूबाई पण ओतायच्या."

मी आरोग्यशास्त्राचे दाखले दिले. मावशी हंडा पालथा करतच राहिल्या.

भाग्यश्रीने हळूच विचारले, "मावशी, नळाला पानी कुठनं येतं?"

"धरणातून."

"तितं किती म्हैने पडून असतं?"

मावशींचा हात थांबला. "अय्यो!" म्हणून त्यांनी हंडा सरळ केला आणि त्यावर झाकण ठेवले. त्या दिवसापासून ओतणे बंद!

*

विजेचा नियमही मुलींनीच केला. रिकाम्या खोलीत जिचा पंखा फिरताना सापडेल, तिने रात्रीच्या जेवणाची शेंगांची चटणी मिक्सरऐवजी उखळात कुटायची. वाया घालवलेली वीज हातांनी भरून द्यायची!

पहिल्याच आठवड्यात गुन्हेगार सापडला. खोली रेक्टरची होती.

"बाई, आपलं वय..." मावशी मध्ये पडल्या.

"नियम हाय की!" अकलूजची ऋतुजा म्हणाली आणि मुसळ माझ्या हाती दिले. मी कुटले. दंड दुखले, पण अभिमान वाटला, की नियम करणाऱ्यांनी माणूस पाहिला नाही.

मावशींनी चटणी चाखली. "बाई, तुम्ही रोज पंखा विसरत जा!"

*

या ऋतुजाच्या घरामागून कालवा वाहतो. आरंभी ती शॉवरखाली गाणी म्हणायची. कोणी बोलले की, "आमच्याकडं पाणी लई हाय!" हे उत्तर ठरलेले.

भाग्यश्रीने तिला ना सुनावले, ना समजावले. "उद्या झाकण तू सरकव," एवढेच म्हणाली.

ऋतुजा टाकीत डोकावून आली. दुसऱ्या दिवशी तिच्या न्हाणीघरातून गाणे आले. पण अर्धेच कडवे! आणि बाहेर आली ती बादलीतले उरलेले पाणी घेऊन, तुळशीला घालायला.

*

परीक्षेला चार दिवस उरले आणि जलवाहिनी फुटली. नळाचा वार कोरडा गेला. सकाळी भाग्यश्रीने शेवटची रेघ पुसली. फळा काळाभोर! मुली बॅगा भरू लागल्या.

दहा वाजता सचिव आले. हातात वसतिगृह बंद करण्याची सूचना. "बाई, नाइलाज आहे. एकदा टाकी पाहतो आणि ही लावतो."

झाकण सरकले. ते वाकले. बराच वेळ वाकलेलेच राहिले.

"बाई, ह्यात तर पाणी आहे!"

मीही गुडघे सावरत वाकले. खाली पाणी चमकत होते, आणि त्यात आणखी दोन पायऱ्या बुडालेल्या होत्या. आयुष्यभर दुसऱ्यांच्या वह्या तपासल्या. ही टाकी मात्र मी एकदाही तपासली नव्हती!

"पेपर कधी संपतात?" सचिवांनी विचारले. मी सांगितले. त्यांनी पुन्हा एकवार आत पाहिले, सूचनेची चौघडी घातली आणि ती खिशात ठेवली.

मी भाग्यश्रीकडे वळले. "अगं, पायऱ्या बारा आहेत! मग तू फळ्यावर दहाच का काढल्यास?"

तिने झाकण जागेवर ओढले आणि हात झटकले.

"आमचे अप्पा विहिरीच्या खालच्या दोन पायऱ्या कदी मोजतच न्हाईत, बाई. मोजल्या की मानूस उपसतोय."