मामांच्या विमानाचा साक्षीदार

मी न बघता ‘हो’ म्हणालो. झालं ते एवढंच. त्या एकाक्षरी उत्तरापायी चौदा महिने खपून बांधलेलं, दोन मीटर पंखांचं विमान अकरा सेकंदांत कडब्याच्या गंजीत शिरलं, आणि ते बांधणारा माणूस, म्हणजे माझ्या बायकोचे सख्खे मामा, आयुष्यात पहिल्यांदाच जमिनीवर आला. तोवर जमिनीशी इतका कमी संबंध ठेवून असलेला दुसरा मनुष्य अख्ख्या शनिवार पेठेत नव्हता. भाजी घेतानाही त्यांची नजर समोरच्या गच्चीवर वाळत घातलेल्या चादरींवर असायची. चादर कुठल्या बाजूला फुगते ते बघून ‘पश्चिमेचा दिसतोय,’ असं ते म्हणत. भाजीवाला म्हणे, ‘नाही काका, सासवडचा आहे.’ मामा वाऱ्याबद्दल बोलत आणि तो वाटाण्याबद्दल.

मामा एका कारखान्याच्या टूलरूममधून निवृत्त झाले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता घरच्या जेवणाच्या टेबलावर कामाला रुजू झाले. रिमोटवर उडणारी विमानं बांधणं हा त्यांचा छंद आहे, असं म्हटलेलं त्यांना चालत नाही. ‘छंद तुमचा. मोबाईल बघायचा. मी काम करतो.’ शेजारच्या आजोबांनी एकदा ‘अजून खेळता का विमानं?’ असं विचारलं, तेव्हा मामांनी ‘तुम्ही अजून संपादकांना पत्रं लिहिता का?’ असं विचारून दोघांच्याही छंदांची एकदमच सोय लावली. टेबलावर कायम एक पंख वाळत असल्यामुळे त्या घरात पाहुणे पलंगावर बसून जेवतात. पंखाचं लाकूड पावाइतकं हलकं असतं आणि ते जोडायचा गोंद गारव्यात टिकतो, म्हणून तो फ्रिजमध्ये, लिंबाच्या लोणच्याला खेटून उभा. मामींनी बरणीवर ‘हे खायचं’ आणि बाटलीवर ‘हे खायचं नाही’ अशा चिठ्ठ्या लावल्या आहेत. पंखावर ताणून बसवायचा रंगीत प्लास्टिकचा कागद इस्त्रीने चिकटवतात आणि इस्त्री घरात एकच. त्यामुळे एका लग्नाच्या सकाळी मामींच्या मोतिया साडीवर आपोआप केशरी पट्टा उमटला. ‘शोभतोय की,’ मामा म्हणाले. मामी म्हणाल्या, ‘हो ना. आता हीच नेसून तुमच्या पंखावर बसते, म्हणजे कुणाला कळायचं नाही.’

जगातल्या यच्चयावत वस्तूंकडे मामा दोनच प्रश्न घेऊन बघतात. वजन किती आणि तोल कुठे. बुधवार पेठेतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात ते खिशातून स्वतःचा काटा काढून मोटर तोलतात, आणि चार ग्रॅम जास्त भरली तर दुकानदाराकडे त्याने दगड विकल्यासारखं बघतात. दुकानदारही पुण्याचाच. ‘काका, चार ग्रॅम मी इथेच काढून घेतो, उरलेली मोटर घेऊन जा.’ माझ्या लग्नाची पत्रिका मामांनी आधी स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवली आणि मग ‘मजकूर बरा आहे, पण वीस ग्रॅम जड’ असा अभिप्राय दिला. विमानाचा तोल बघायचा तर पंखाखाली दोन बोटं लावून ते अलगद उचलायचं. नाक झुकलं तर पुढे जड, शेपूट झुकली तर मागे. मी पहिल्यांदा त्यांच्या घरी गेलो तेव्हा मामा माझ्याकडे बराच वेळ टक लावून बघत होते. शेवटी भाचीला म्हणाले, ‘मुलगा बरा आहे. मध्ये जड आहे.’ आणि आमची मुलगी झाली तेव्हा, हॉस्पिटलात सगळे ती कोणावर गेली आहे यावर भांडत असताना, मामांनी तिला दोन तळव्यांवर धरलं, क्षणभर डोळे मिटले आणि म्हणाले, ‘तोल उत्तम आहे हिचा. कुठेही उडेल.’ मग उगाचच चष्मा पुसत बसले.

रविवारी सकाळी विमान उडवायला धायरीच्या पलीकडे जायचं. पूर्वी ते स्कूटरवरून जात, मागे मामी पंख आडवा धरून. एकदा सिग्नलला हवालदाराने विचारलं, ‘हे काय आहे?’ ‘विमान.’ ‘मग उडवत न्या ना, रस्ता का अडवताय?’ पण मामांच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, तरी लांबचं पूर्वीसारखं दिसेना, तेव्हा मामींनी स्कूटर बंद करून मला आणि माझ्या गाडीला कामाला लावलं. धायरीला तात्या म्हणून एक शेतकरी आहेत. त्यांच्या जमिनीच्या तीन बाजूंनी इमारती उठल्या, पण मधला तुकडा त्यांनी राखलाय. त्यावर एक म्हैस, एक कडब्याची गंजी आणि प्लास्टिकच्या खुर्चीत स्वतः तात्या. ‘मामा, आज कुटं पाडायचंय?’ असं ते दर रविवारी अगत्याने विचारतात.

उडवण्यापूर्वी साक्षीदार लागतो, हा मामांचा नियम. मामा विमानाच्या मागे उभे राहून रिमोटची स्टिक उजवीकडे सारणार. साक्षीदाराने वाकून पंखांच्या मागच्या हलत्या पट्ट्या बघायच्या. उजवी वर आणि डावी खाली, म्हणजे बरोबर. उलटं असेल तर विमानाला उजवीकडे म्हटलं की ते डावीकडे कलणार, आणि सावरायला जावं तितकं आणखी कलणार. ‘ज्याने बांधलं त्याने तपासायचं नाही,’ मामा म्हणतात. ‘त्याला सगळं बरोबरच दिसतं.’ डोळ्यांच्या भानगडीनंतर या नियमाला आणखी एक कारण मिळालं होतं, पण ते कोणी बोलत नसे. मामांची विमानं मात्र वर्षागणिक मोठी आणि भडक होत चालली होती. पांढऱ्यावरून पिवळी, पिवळ्यावरून केशरी. ‘पुढच्याला गणपतीची रोषणाईच करा,’ असं मी त्यांना चिडवायचो. मामा हसायचे. नेहमीपेक्षा जरा कमी हसायचे, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

त्या रविवारी नवं विमान पहिल्यांदा उडायचं होतं. रंग केशरी आणि नाकावर बारीक अक्षरांत मामींचं नाव, कुमुद. (‘माझं नाव लावायला घरात दुसरी जागाच नाही,’ इति मामी.) कुटुंबाच्या ग्रुपवर टाकायला मी मोबाईलवर व्हिडिओ काढत होतो, आणि केशरी विमान व निळं आकाश यांच्या मध्ये सारखी येणारी तात्यांची म्हैस कशी टाळावी या विवंचनेत होतो. ‘उजवी बरोबर?’ मामांनी विचारलं. ‘हो.’ ‘डावी?’ ‘हो मामा, एकदम ओक्के!’ न बघता हो म्हणण्याची मला जुनी सवय आहे. बायकोने एकदा कसला तरी कागद नाकासमोर धरून ‘हा रंग कसा आहे?’ विचारलं. मी मोबाईलमधून मान न काढता ‘सुरेख’ म्हणालो, आणि गेली तीन वर्षं डाळिंबी रंगाच्या बेडरूममध्ये झोपतोय. पण बेडरूम आकाशातून पडत नाही.

कुमुद उठली, डावीकडे कलली. मामांनी उजवीकडे सावरलं, ती आणखी कलली. मग गंजी. म्हैस उठून उभी राहिली. तात्या म्हणाले, ‘वैरणीचं काय न्हाय. तुमी आदी बसा, मामा.’ मामा बसले नाहीत. गंजीत हात घालून तुकडे काढता काढता मला म्हणाले, ‘डोळ्यांनी दगा दिला. कुठे कलतंय तेच कळलं नाही मला.’ मी समजूतदारपणे म्हणालो, ‘होतं हो मामा असं.’ तेव्हा मला खरंच तसं वाटत होतं.

त्या आठवड्यात मामांनी रिमोट माळ्यावर टाकला, टेबल पुसून मामींच्या ताब्यात दिलं आणि उरलेलं लाकूड कोणाला तरी देऊन टाकायला बांधून ठेवलं. मामींचा फोन आला. वाटलं, टेबल मिळाल्याच्या आनंदात असतील. ‘अहो, हे दिवसभर घरातच असतात हो,’ मामी म्हणाल्या. ‘मी भेंडी चिरत होते, तर म्हणतात तुकडे सारखे नाहीत. काल भाकरीचा तोल बघितला.’ मग म्हणाल्या, ‘ते एक वेळ चालेल. पण दुपारी नुसते खिडकीत बसतात, चादरी बघत. वारा कुठला, ते सांगतसुद्धा नाहीत. तुम्ही काहीतरी करा.’

काय करावं ते सुचेना, म्हणून मी तो व्हिडिओ लावला. मामांचा आवाज, ‘उजवी बरोबर?’ आणि पडद्यावर, म्हशीच्या शेपटीशेजारी, उजवी पट्टी स्वच्छ खाली गेलेली. त्यावर माझा प्रसन्न आवाज, ‘हो.’ रिमोटमध्ये मामांच्या पाच विमानांची जुळणी साठवलेली असते. त्या दिवशी भलत्याच विमानाची चालू राहिली होती. अशीच चूक पकडायला साक्षीदार ठेवला होता, आणि तो म्हैस टाळत होता. डोळ्यांनी दगा दिलाच नव्हता.

पहिल्या दिवशी मी ठरवलं, व्हिडिओ पुसून टाकावा. दुसऱ्या दिवशी ठरवलं, मामांना चांगली मोटर भेट द्यावी आणि विषय काढूच नये. तिसऱ्या दिवशी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, ‘तू मामाला सांगतोस की मी ग्रुपवर टाकू?’ आमच्या ग्रुपवर त्रेचाळीस माणसं आहेत. त्यातली तीस तिच्या माहेरची.

मी गेलो. मामा खिडकीत होते. मोबाईल त्यांच्या हातात दिला आणि टेबलापलीकडे जाऊन उभा राहिलो. टेबलावर नुसती ताटं असल्याचं मला तेव्हा पहिल्यांदा वाईट वाटलं. लपायला एक पंखसुद्धा नव्हता. मामांनी व्हिडिओ एकदा बघितला. मग हात लांब करून बघितला. तिसऱ्यांदा मध्येच थांबवून त्यांनी पट्टीवर बोट ठेवलं. ‘उलटी,’ ते म्हणाले. मग मोठ्याने, ‘अगं, उलटी होती! एवढुशा पडद्यावर दिसतेय मला!’ मामी पिठाच्या हातांनी बाहेर आल्या. मी क्षमायाचनेचं भाषण पाठ करून गेलो होतो, ते कोणी ऐकेना. मामा स्टुलावर चढून माळ्यावरचा रिमोट काढत होते, आणि मामी, कोणी न सांगता, टेबलावरची ताटं उचलत होत्या.

दोन महिन्यांत कुमुदला नवं नाक बसलं. परवाच्या रविवारी आम्ही पुन्हा धायरीला गेलो. विमान जोडता जोडता मामा हळूच म्हणाले, ‘खरं सांगू? लांबचं आता पुसटच दिसतं. एक-दोन वर्षं निघतील. पुढचं विमान लाल करावं म्हणतो.’ मी रोषणाईचा विनोद केला नाही. ‘लाल छान दिसेल,’ म्हणालो, मोबाईल गाडीत ठेवून आलो आणि विमानाशी उकिडवा बसलो.

‘तुम्ही जरा सरका,’ मामा मला म्हणाले. ‘तात्या, इकडे या.’

तात्या गुडघ्यांवर हात ठेवून वाकले. मामांनी स्टिक सारली. तात्यांनी इतका वेळ बघितलं की मला वाटलं डोळा लागला. ‘उजवी वर हाय,’ ते म्हणाले. ‘डावी खाली हाय. आन् फटीत मुंगळा हाय.’

मामांनी मुंगळा काढायला लावला.

‘मामा,’ मी म्हणालो, ‘तात्यांना विमानातलं काय कळतं?’

‘काहीच नाही,’ मामा म्हणाले. ‘म्हणून ते बघून सांगतात. तुम्ही तोवर म्हैस धरा.’