तात्यांनी झाकलेली आगटी

आमच्या गावामागचा डोंगर जळाला तो माझ्यामुळं. हे आजवर मी कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, भावाला नाही. आता पन्नाशी उलटून गेली. तोंडातून निघत नाही, म्हणून लिहितो.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी भवानीनगरला विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी रिवाइंड करून देणाऱ्या दुकानात कामाला होतो आणि दोघा मित्रांबरोबर खोली घेऊन राहत होतो. कालव्याचा भाग. चारी बाजूंनी ऊस, हवा कायम ओलसर, दिवस कलला की डास. साखर कारखान्याचा हंगाम सुरू झाला की दोरीवरच्या धुतलेल्या बनियनवर काजळी येऊन बसायची. माझं गाव निरवांगीकडचं, जिरायती. गावामागं डोंगर. सह्याद्रीतला माणूस त्याला टेकाड म्हणेल, पण आम्हाला तोच डोंगर. त्याच्या सोंडेवर मेंढरंवाल्यांची चार घरं होती. तिथला वारा मात्र खाली कुठंच मिळायचा नाही. कोरडा, स्वच्छ, थंडीत कानाला झोंबणारा.

मला त्या वाऱ्याचं मोठं कौतुक. मित्रांना सांगून सांगून जानेवारीतल्या एका रविवारी हुरड्याला घेऊन गेलो. वस्तीतल्या थोरल्या घरचे तात्या माझ्या वडिलांच्या ओळखीतले. पूर्वी मेंढरं घेऊन कोकणात उतरायचे. गुडघे गेल्यावर थोडकी मेंढरं ठेवून बारा महिने डोंगरावरच राहायला लागले होते. घरामागं ज्वारीचा एक तुकडा होता. त्याच्या कडेला त्यांनी आगटी पेटवली, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात कणसं खुपसली आणि ओंजळीत चोळून गरम हुरडा आमच्यापुढं टाकत राहिले.

"काय हवा आहे!" माझा मित्र म्हणाला. "इथंच राहावं वाटतं."

तात्यांची सून खालच्या विहिरीवरून डोक्यावर हंडा घेऊन वर येत होती. तिनं तो उतरवला आणि पदरानं मान पुसली. "ऱ्हावा की भावजी. हवेला आमी न्हाय म्हनत न्हाय. पानी तेवढं तुमी आनायचं."

सगळे हसलो. तात्या तर सगळ्यात मोठ्यानं.

आमच्याकडं रीत अशी, की आगटी पेटवणारानंच ती झाकायची. पाहुण्यानं हात लावायचा नाही. शिवाय पाणी ओतून विझवायची नाही. वर पाणी आणायचं म्हणजे काय ते आत्ताच पाहिलं होतं. उन्हं उतरायला लागली तेव्हा तात्यांनी गुडघे टेकून दोन्ही हातांनी माती लोटली, थापटली आणि वर एक चपटा दगड ठेवला. मी शेजारीच उभा होतो. हे मी पाहिलं.

निरोप घेऊन निघालो. मोटारसायकल पायथ्याला. मला सिगारेट ओढायची होती. तात्यांच्या देखत ओढली नव्हती, आणि काडेपेटीत काडी नव्हती. मफलर राहिला असं सांगून मी परत वर गेलो. तात्या मेंढरांकडं वळले होते. मी दगड बाजूला केला, काटकीनं माती उकरली, एक निखारा वर काढून सिगारेट पेटवली. खालून हॉर्न वाजायला लागला. "ए, मफलर विणतोयस का काय?" मी धावत सुटलो. दगड तसाच बाजूला राहिला.

सोमवारी गावातला एकजण दुकानात मोटार घेऊन आला. म्हणाला, "मोटार बी जळाली आन काल डोंगर बी जळाला. सोंडेकडची बाजू पार काळी झालीया." मी मोटारीचे नट सोडवत राहिलो. माणूस, जनावर वाचलं होतं. उन्हाळाभर मेंढरांना पुरायचं ते उभं वाळलेलं गवत मात्र गेलं होतं.

गोष्ट इथंच संपली असती तर कदाचित एवढी बोचली नसती. त्या वर्षी गावानं डोंगरावर चर खणायचं, झाडं लावायचं ठरवलं होतं. पाणी मुरलं तर गाव राहण्याजोगं राहील, हे सगळ्यांनाच पटलं होतं. त्यासाठी चराईबंदी करायची होती. तात्यांनी पारावर बसून, हातापाया पडून, सोंडेची तेवढी बाजू मेंढरांसाठी मोकळी ठेवून घेतली होती. तीच बाजू जळाली. आणि मेंढरंवाले कोवळ्या फुटव्यासाठी मुद्दाम गवत पेटवतात, हा समज तर गावात जुनाच.

पुढच्या रविवारी पारावर बैठक झाली. मी होतो.

तात्या म्हणाले, "गवत कशाला पेटवीन? पावसाला पाच म्हैनं हायती. मेंढरं काय राख खात्यात? आगटी म्या झाकली हुती. वर दगुड ठिवला हुता."

"मग दगुड उठून चालत गेला व्हय, तात्या?" कुणीतरी म्हणालं.

हशा पिकला. त्यात मीही हसलो.

मग एकानं मलाच विचारलं, "तू हुतास की रं तितं. झाकली हुती का त्यांनी?"

तात्या माझ्याकडं बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. हा आता सांगेल, अशा खात्रीनं ते बघत होते.

"मी पुढं निघालो होतो," मी म्हणालो. "मला नाही माहीत."

सगळा डोंगर बंद झाला.

वैशाखाच्या आधी तात्यांनी मेंढरं विकली. मुलाला सोमेश्वरनगरकडं एका बागायतदाराच्या शेतावर काम मिळालं, घर तिकडं निघालं. जाण्याआधी तात्या मुद्दाम भवानीनगरला माझ्या दुकानात आले. मला वाटलं, कळलं यांना. बोलावं, शिव्या द्याव्यात, असंही वाटलं. त्यांनी विचारलं, "तुज्या सोबतींना काय इजा न्हाय ना झाली त्या दिवशी? पाव्हनी मानसं. मला सारखं तेच लागून ऱ्हायलं." मग हात पुढं करून तळव्याकडं बघत म्हणाले, "हात आता पयल्यावानी चालत न्हाईत. मातीच कमी पडली असंल माजी. तुज्यावर राग न्हाय बाबा. तू बघितलं न्हाईस, तर तू तरी कसं सांगनार?"

मी त्यांना चहा पाजला. एसटीत बसवून दिलं. दुसरं काही केलं नाही.

डोंगर पुढं हिरवा झाला, हे खरं. विहिरींचं पाणी उन्हाळ्यात पुरायला लागलं. पोरं पहाटे वर पळायला जातात, बाहेरगावचे लोक सुट्टीत हवा खायला येतात, आणि चराईबंदीनं गाव कसं सुधारलं ते आमचे लोक त्यांना अभिमानानं सांगतात. ते खोटं नाही. म्हणूनच मला बोलणं जास्त जड जात गेलं. एवढ्या चांगल्यात आता कशाला, असं मी वर्षानुवर्षं स्वतःला समजावलं. चराई गेल्यावर एकेक करून उठलेल्या त्या चार घरांची जोती तेवढी सोंडेवर उरली आहेत. पोरं त्यांवर बसून बिस्किटं खातात.

तात्या वारले ते मला महिन्यानं कळलं. दहावा तेव्हा होऊन गेला होता, आणि नंतरही मी त्यांच्या घरी गेलो नाही. मुलगा आणि सून अजून सोमेश्वरनगरकडंच आहेत. म्हाताऱ्याच्या हातून आग लागली, असंच तेही धरून चालले असतील.

त्यांच्या दारात जाऊन खरं सांगणं, आणि मग पारावर उभं राहून गावाला सांगणं. हे माझ्याकडून अजून व्हायचं आहे.